मोजायला थांबलो की मोजायचं थांबलो? : संशोधन लिहिताना 'टू' कधी लावायचा

माझ्या पहिल्या पेपरवर रिव्ह्यूअरने अकरा मुद्दे काढले होते. त्यातले दहा साधारण अपेक्षित होते. नमुन्यांची संख्या, आलेखाच्या अक्षांवर एकक नाही, दोन संदर्भ राहिलेत, वगैरे. अकरावा वाचून मात्र पोटात गोळा आला. त्याचा मराठीत अर्थ असा होता: पहिल्या पावसानंतर तुम्ही थांबून विहिरींच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजली असं लिहिलं आहे, मग ते आकडे तक्त्यात का नाहीत? वगळले असतील तर कोणत्या कारणाने वगळले ते स्पष्ट करावं.

वगळले! संशोधन करणाऱ्या माणसाला हा शब्द चोरीच्या आरोपासारखा लागतो. आणि पावसानंतर मी एकही आकडा घेतलेलाच नव्हता. माझा विषय उन्हाळ्यातल्या भूजलाचा. पहिला जोराचा पाऊस झाला की ओढ्याचं आणि शेतातलं पाणी उघड्या विहिरींत उतरतं. मग बाटलीत आलेलं पाणी जमिनीखालचं किती आणि वरून आलेलं किती, हे सांगता येत नाही. म्हणून आम्ही मोजणं बंद केलं. माझ्या मते मी तेच लिहिलं होतं: 'आफ्टर द फर्स्ट रेन, वुई स्टॉप्ड टू मेजर कंडक्टिव्हिटी.'

दोन दिवस मला चूक दिसलीच नाही. वाक्य परत परत वाचलं, स्पेलिंग तपासलं, मोबाइलवरच्या व्याकरण तपासणाऱ्या ॲपमध्ये टाकलं. त्यानेही हिरवी खूण दाखवली. कारण वाक्य व्याकरणाने बरोबरच आहे. फक्त त्याचा अर्थ मला हवा त्याच्या बरोबर उलटा आहे.

तेव्हा मी घरी होते, औंधला. (साताऱ्याचं औंध, खटाव तालुक्यातलं. पुण्यातलं नाही. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो.) नमुने घेतलेल्या विहिरींपैकी एक आमचीच, त्यामुळे आण्णांना या पेपरमध्ये माझ्याइतकाच रस. त्यांनी विचारलं, "एवढं काय विचारलंय त्यानं?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, मग तू मोजायला थांबलीस का मोजायचं थांबलीस?"

माझी चूक एवढीच होती. 'स्टॉप्ड टू मेजर' म्हणजे मोजायला थांबलो. 'स्टॉप्ड मेजरिंग' म्हणजे मोजायचं थांबलो. आण्णांचं इंग्रजी दहावीपर्यंतचं आहे, पण हा फरक त्यांना मराठीत आयता माहीत होता. आपल्या सगळ्यांनाच असतो. इंग्रजी लिहायला बसलो की मात्र आपण तो बाहेर, चपलांजवळ ठेवून येतो.

म्हणून हा लेख. इन्फिनिटिव्ह, म्हणजे 'टू' आणि त्यापुढे क्रियापदाचं मूळ रूप, हे कधी वापरायचं आणि कधी आयएनजी वापरायचं, याबद्दल. शाळेत आपण याद्या पाठ केल्या होत्या. त्या मी इथे देणार नाही, कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळतील. पेपर, सिनॉप्सिस आणि गाइडला पाठवायचे ईमेल लिहिताना जिथे आपण खरोखर अडकतो तेवढंच बघू. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहितेय, म्हणजे ती डोळ्यांनी न वाचता कानाने ऐकाल.

आधी मराठीत काय आहे ते बघा

'मोज' हा धातू घ्या. मोजणं, मोजायला, मोजण्यासाठी, मोजायचं, मोजू, मोजून, मोजल्याचं. एवढी रूपं आपण दिवसभर न चुकता वापरतो. इंग्रजीत या सगळ्यांच्या वाट्याला मुख्यतः दोनच येतात: 'टू मेजर' आणि 'मेजरिंग'. सात भांड्यांतलं धान्य दोन डब्यांत ओतायचं असं हे काम आहे. कुठलं कुठल्या डब्यात, एवढाच प्रश्न.

एक ढोबळ कल असा की 'टू' पुढे बघतो. मुख्य क्रिया घडते तेव्हा 'टू'वाली क्रिया अजून व्हायची असते. ठरवलं, अजून केलं नाही. इच्छा आहे, अजून झालं नाही. डिसाइड, प्लॅन, इंटेंड, एम, होप, एक्सपेक्ट, अटेम्प्ट, ही क्रियापदं 'टू' घेतात ती यामुळेच. 'वुई डिसायडेड टू रिपीट द टायट्रेशन.' आयएनजी मात्र क्रियेकडे एक घडलेली, चालू असलेली किंवा निदान एक वस्तू म्हणून हातात धरता येईल अशी गोष्ट म्हणून बघतं. 'वुई फिनिश्ड कलेक्टिंग सॅम्पल्स.' गोळा करणं चालू होतं, ते संपलं. जे चालूच नाही ते संपवणार कसं?

ज्या क्रियापदांना दोन्ही चालतात आणि अर्थ बदलतो, तिथे हा कल सगळ्यात स्वच्छ दिसतो. आणि तिथेच मराठी आपल्या मदतीला येते.

'स्टॉप' झालं. आता 'फर्गेट' आणि 'रिमेंबर' घ्या. 'आय फर्गॉट टू क्लोज द बॉटल': बाटली बंद करायला विसरले. बाटली उघडी आहे, नमुना गेला. 'आय फर्गॉट क्लोजिंग द बॉटल': बंद केल्याचं विसरले. बाटली बंद आहे, फक्त माझ्या लक्षात नाही. मराठीत -आयला आलं की काम झालेलं नाही, -ल्याचं आलं की झालेलं आहे. 'रिमेंबर'चंही तसंच. 'रिमेंबर टू लेबल द ट्यूब्ज' म्हणजे लेबल लावायचं लक्षात ठेव. 'आय रिमेंबर लेबलिंग द ट्यूब्ज' म्हणजे लावल्याचं मला आठवतंय. लॅबमधली निम्मी भांडणं या दुसऱ्या वाक्यावर होतात.

'ट्राय' तर मला फार आवडतं. 'वुई ट्राइड टू हीट द सोल्यूशन' म्हणजे गरम करायचा प्रयत्न केला. हॉटप्लेट बंद पडली असेल, वीज गेली असेल, जमलं की नाही ते वाक्य सांगत नाही, पण वाचणाऱ्याला वाटतं की जमलं नाही. 'वुई ट्राइड हीटिंग द सोल्यूशन' म्हणजे गरम करून पाहिलं. गरम झालं, त्याने काही फरक पडतो का हे तपासलं. आपलं 'करून पाहणे' हे 'ट्राय'च्या आयएनजीला इतकं चपखल बसतं की पद्धतीचा भाग लिहिताना मी आता हीच कसोटी लावते. मनात 'करून पाहिलं' येत असेल तर आयएनजी. 'करायचा प्रयत्न केला' येत असेल तर 'टू'.

'रिग्रेट'बद्दल वेगळं काय सांगायचं? 'वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू' ने सुरू होणारी पत्रं आपल्या सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये आहेत. कळवताना खेद होतो, म्हणजे कळवणं आत्ता, या वाक्यातच होणार आहे. 'वुई रिग्रेट इन्फॉर्मिंग यू' म्हणजे तुम्हाला कळवलं हेच चुकलं. तसं पत्र अजून कुणाला आल्याचं ऐकलं नाही.

'बिगिन', 'स्टार्ट', 'कंटिन्यू' यांना दोन्ही चालतात आणि अर्थ जवळजवळ तोच राहतो. त्यावर वेळ घालवू नका.

कसोटी कुठे फसते तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही माझ्या नावाने खडे फोडाल. 'सजेस्ट', 'अव्हॉइड', 'कन्सिडर', 'रेकमेंड' ही चार क्रियापदं पेपरमध्ये सारखी लागतात. ती पुढे बघणारी आहेत, तरी 'टू' घेत नाहीत. मराठीत आपण 'परत मोजायला सुचवलं' म्हणतो, म्हणून हात आपोआप 'सजेस्टेड टू रिपीट' लिहितो. ते चूक आहे. 'सजेस्टेड रिपीटिंग' किंवा 'सजेस्टेड दॅट वुई रिपीट'. इथे कल वगैरे काही नाही, पाठ करा आणि पुढे चला. चारच आहेत.

'प्रपोज' जरा वेगळं. सिनॉप्सिसमध्ये 'वुई प्रपोज टू स्टडी' म्हणजे आम्ही हा अभ्यास करणार आहोत. 'वुई प्रपोज स्टडीइंग' म्हणजे असा अभ्यास व्हावा अशी आमची सूचना आहे, कुणी करायचा ते नंतर बघू. समितीसमोर पहिलं वाक्य घेऊन जा.

करणारा कोण?

औंधबद्दल एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. यमाईचा डोंगर आणि भवानी संग्रहालय बघायला लोक येतात, पण पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर इथे राहत होते हे फार थोड्यांना माहीत असतं. वेदांचा अभ्यास आणि प्रकाशन करणारं त्यांचं स्वाध्याय मंडळ औंधात होतं, ते १९४८ मध्ये गुजरातेत पारडीला गेलं. शिक्षकाशिवाय, घरच्या घरी संस्कृत शिकता यावं म्हणून त्यांनी लिहिलेली पुस्तकं अजूनही वापरात आहेत. माझं संस्कृत शाळेपुरतंच, पण इन्फिनिटिव्ह मला नीट कळला तो संस्कृतमधल्या तुमुन् प्रत्ययामुळे. पठितुम् म्हणजे वाचायला, पातुम् म्हणजे प्यायला, कर्तुम् म्हणजे करायला. 'जलं पातुं गच्छति', पाणी प्यायला जातो. जाणं कशासाठी, तर पिण्यासाठी. हेतू दाखवायचा हे तुमुन्चं मूळ काम, आणि इंग्रजी 'टू'चंही तेच.

पण पाणिनीने इच्छा दाखवणाऱ्या क्रियापदांबरोबर तुमुन् वापरताना एक अट घातली आहे: दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा. 'तो वाचायची इच्छा करतो' इथे तुमुन् चालतो, कारण इच्छा करणारा तोच आणि वाचणाराही तोच. 'दुसऱ्याने वाचावं अशी इच्छा करतो' इथे चालत नाही, वाक्य वेगळं बांधावं लागतं. मराठीतही पाहा. 'मला जायचंय' असं सरळ म्हणतो, पण दुसऱ्याबद्दल म्हणताना 'तू जावंस असं मला वाटतं' असं रूपच बदलतो.

इंग्रजीत रूप बदलत नाही. तिथे दुसरा कर्ता मध्ये आणून बसवतात. 'आय वाँट टू गो', पण 'आय वाँट यू टू गो'. तो मधला 'यू' म्हणजे जाणारा माणूस. आता हे डोक्यात ठेवून आपल्या पेपरमधली सगळ्यात वारंवार येणारी चूक बघा: 'धिस मेथड अलाउज टू मेजर फ्लोराइड.'

पद्धत काय करते? मोजू देते. मोजतं कोण? पद्धत नव्हे, आपण. म्हणजे कर्ता बदलला. बदलला म्हणजे त्याला मध्ये बसवलाच पाहिजे: 'धिस मेथड अलाउज अस टू मेजर फ्लोराइड.' मराठीत 'ही पद्धत फ्लोराइड मोजू देते' असं कर्ता गाळून म्हटलं तरी कुणी अडत नाही, म्हणून आपल्याला इंग्रजीतली रिकामी खुर्ची दिसत नाही. 'अलाउ', 'इनेबल', 'परमिट', 'कॉज', 'रिक्वायर', सगळ्यांना हे लागू आहे. 'अस' लिहायला संकोच वाटत असेल (आमच्या विभागात 'आम्ही' लिहिणं अजून काहींना उद्धटपणा वाटतो) तर 'टू' काढून नाम घाला: 'अलाउज द मेजरमेंट ऑफ फ्लोराइड'. दोन्ही चालतं. मधलं अधांतरी चालत नाही.

'मेक' आणि 'लेट' यांच्यानंतर खुर्ची भरायची, पण 'टू' लावायचा नाही: 'द ॲसिड मेड द सोल्यूशन टर्न पिंक', 'वुई लेट द प्रेसिपिटेट सेटल'. 'हेल्प'ला 'टू' लावा किंवा लावू नका, दोन्ही बरोबर. 'ऑब्झर्व्ह' आणि 'सी' हेही 'टू' घेत नाहीत, पण कर्मणी प्रयोग झाला की घेतात: 'वुई ऑब्झर्व्ड द कलर चेंज', आणि तेच उलटं केलं की 'द कलर वॉज ऑब्झर्व्ड टू चेंज'. का? मला माहीत असलेलं सोपं उत्तर नाही. सवय करून घ्या.

कर्त्याचा हाच प्रश्न वाक्याच्या सुरुवातीला आलेल्या 'टू'लाही विचारायचा. 'टू अव्हॉइड कंटॅमिनेशन, वुई रिन्स्ड द बॉटल्स ट्वाइस.' टाळणारे आम्ही, विसळणारे आम्ही. ठीक. 'टू अव्हॉइड कंटॅमिनेशन, द बॉटल्स वेअर रिन्स्ड ट्वाइस.' इथे कडक व्याकरणी म्हणेल की बाटल्या काय स्वतःच प्रदूषण टाळत होत्या का? शास्त्रीय लेखनात हे वाक्य इतकं रूढ आहे की मी ते सोडून देते, कारण अर्थाचा घोटाळा होत नाही. पण 'टू अंडरस्टँड द सीझनल पॅटर्न, द वेल्स शुड बी डीप' असं काही लिहिलंत तर मी नाही सोडणार. विहिरी खोल असल्याने पॅटर्न समजणारा कोण? हे वाक्य मोडून परत लिहा.

'साठी' म्हणजे 'फॉर' नव्हे

मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यासारख्यांची ही खूण आहे. 'नमुने घेण्यासाठी आम्ही विहिरीवर गेलो.' 'साठी' दिसला की 'फॉर' हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. म्हणून 'वुई व्हिजिटेड द वेल्स फॉर कलेक्टिंग सॅम्पल्स'. समजतं सगळ्यांना, पण खटकतं. काही जण तर 'फॉर टू कलेक्ट' किंवा 'फॉर कलेक्ट' लिहितात, ते तर सरळ चूकच.

फरक असा करा. माणसाचा हेतू सांगायचा असेल तर 'टू': 'वुई व्हिजिटेड द वेल्स टू कलेक्ट सॅम्पल्स.' वस्तूचा उपयोग सांगायचा असेल, ती कशाकरता असते हे सांगायचं असेल, तर 'फॉर' आणि आयएनजी: 'ॲन इलेक्ट्रोड फॉर मेजरिंग पीएच'. खुरपं तण काढण्यासाठी असतं, हा त्याचा उपयोग. मी आज शेतात गेले ती तण काढायला, हा माझा हेतू. मराठीत दोन्हीकडे 'साठी' चालतो, इंग्रजीत वाटा वेगळ्या होतात.

हेतू नकारी असला तर नुसतं 'नॉट टू' लावून भागत नाही. 'वुई यूज्ड ग्लोव्ह्ज नॉट टू कंटॅमिनेट' असं लिहू नका. 'सो ॲज नॉट टू' किंवा 'इन ऑर्डर नॉट टू' लिहा, किंवा सरळ 'टू अव्हॉइड कंटॅमिनेटिंग'. होकारी वाक्यात मात्र 'इन ऑर्डर टू'ची गरज क्वचितच पडते. 'इन ऑर्डर' खोडलं तरी अर्थ तोच राहतो आणि ॲब्स्ट्रॅक्टची शब्दमर्यादा वाचते.

'साठी'चाच सख्खा भाऊ म्हणजे 'शकणे'. 'वुई कॅन एबल टू डिटेक्ट' हे मी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये स्वतः लिहिलं आहे, चार ठिकाणी. 'कॅन' म्हणजेच शकणे आणि 'एबल टू' म्हणजेही शकणे. एकदा शकलात, पुरे. 'वुई कॅन डिटेक्ट' किंवा 'वुई आर एबल टू डिटेक्ट'. आणि 'एबल' ला 'टू' लागतो, पण 'केपेबल' ला 'ऑफ' आणि आयएनजी. तशीच नामांची जोडी आहे: 'अबिलिटी टू डिटेक्ट', पण 'पॉसिबिलिटी ऑफ डिटेक्टिंग'. 'पॉसिबिलिटी टू' आपल्याकडे फार दिसतं. 'इट इज पॉसिबल टू' बरोबर असल्यामुळे तो गोंधळ होतो.

जो 'टू' इन्फिनिटिव्हचा नाहीच

'आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.' परदेशी प्राध्यापकाला पाठवलेल्या ईमेलचं शेवटचं वाक्य. माझ्या आउटबॉक्समध्ये अशी सहा सापडली. बरोबर आहे 'टू हिअरिंग'. इथला 'टू' हा आपल्या 'कडे' सारखा शब्दयोगी आहे, क्रियापदाचा भाग नाही. ओळखायचं कसं? 'टू'पुढे एखादं साधं नाम ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' चालतं. चाललं, म्हणजे क्रियापद आलं तरी ते नामासारखं, आयएनजी लावून येणार. 'वुई डिसायडेड टू युअर रिप्लाय' चालत नाही, म्हणजे तिथला 'टू' इन्फिनिटिव्हचा.

ही कसोटी 'इन ॲडिशन टू', 'लीड टू', 'कंट्रिब्यूट टू', 'विथ अ व्ह्यू टू' या सगळ्यांना लावा. 'इन ॲडिशन टू मेजरिंग पीएच', 'कंट्रिब्यूटेड टू रिड्यूसिंग द एरर'. पेपरमध्ये हे शब्द पानापानावर येतात, त्यामुळे ही कसोटी याद्यांपेक्षा उपयोगी आहे.

सिनॉप्सिसची उद्दिष्टं

आपल्याकडच्या सिनॉप्सिसमध्ये उद्दिष्टांची यादी 'टू'नेच सुरू होते. त्यामागे चांगलं कारण आहे. इन्फिनिटिव्हला काळ नसतो. 'टू कम्पेअर' हे ना भूत ना भविष्य. म्हणून आज सिनॉप्सिसमध्ये लिहिलेलं उद्दिष्ट चार वर्षांनी प्रबंधात तसंच्या तसं ठेवता येतं. बाकी सगळा भविष्यकाळ भूतकाळात बदलत बसावा लागतो, ही एक यादी वाचते.

पण दोन गोष्टी सांभाळा. एक, पहिलं उद्दिष्ट 'टू कलेक्ट', दुसरं 'ॲनालिसिस ऑफ', तिसरं 'कम्पेअरिंग' अशी खिचडी करू नका. सगळी 'टू'ने किंवा सगळी नामाने. दोन, 'टू स्टडी' ने सुरुवात करायचा मोह टाळा. पाचही उद्दिष्टं 'टू स्टडी' असलेल्या सिनॉप्सिस मी पाहिल्या आहेत. अभ्यास तर करणारच आहात, त्यासाठीच प्रवेश घेतलाय. नक्की काय करणार? 'टू क्वांटिफाय', 'टू कम्पेअर', 'टू टेस्ट व्हेदर'. इथे व्याकरण संपतं आणि संशोधनाचा प्रश्न सुरू होतो. योग्य क्रियापद सापडत नसेल तर बहुतेक वेळा उद्दिष्टच अजून ठरलेलं नसतं.

किती खात्री आहे?

'टू'चा एक उपयोग शाळेत कुणी शिकवत नाही, आणि संशोधकाला तो सगळ्यात जास्त लागतो: दाव्याला लगाम घालायचा. 'फ्लोराइड इन्क्रीजेस विथ डेप्थ' हा ठाम दावा झाला, जगातल्या सगळ्या विहिरींना लागू होणारा. 'फ्लोराइड टेंड्स टू इन्क्रीज विथ डेप्थ' म्हणजे कल आहे. 'वॉज फाउंड टू इन्क्रीज' म्हणजे आम्हाला आमच्या नमुन्यांत असं आढळलं. 'सीम्स टू इन्क्रीज' म्हणजे दिसतंय असं, पण पैज लावणार नाही. रिव्ह्यूअर या पायऱ्या फार बारकाईने वाचतात. पुरावा तिसऱ्या पायरीचा आणि क्रियापद पहिल्या पायरीचं असलं की मुद्दा निघालाच.

घडून गेलेल्या गोष्टीबद्दल असं बोलायचं असेल तर 'टू हॅव' लागतो. आमच्या सगळ्या विहिरी दख्खनच्या काळ्या पाषाणात खोदलेल्या. तो लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. 'द लाव्हाज आर थॉट टू हॅव इरप्टेड' म्हणजे ते तेव्हा बाहेर पडले असं मानलं जातं. इथे 'थॉट टू इरप्ट' लिहिलंत तर यमाईच्या डोंगरातून आजही लाव्हा येतो असा अर्थ होईल. 'आर थॉट' आत्ताचं, 'टू हॅव इरप्टेड' तेव्हाचं.

एक शेवटची भीती घालवते. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालायचा नाही, हा नियम तुम्हाला कुणीतरी सांगितला असेल. मला सांगितला होता आणि मी तो तीन वर्षं पाळला. त्याच्या समर्थनासाठी लॅटिनचा दाखला बऱ्याचदा दिला जातो. लॅटिनमध्ये इन्फिनिटिव्ह एकच शब्द असतो, आपल्या कर्तुम् किंवा मोजायला सारखा, त्यामुळे तो मधून फोडताच येत नाही. इंग्रजीत ते दोन सुटे शब्द आहेत. 'टू ॲक्युरेटली मेजर' यात काही पाप नाही. उलट शब्द कुठे ठेवता त्यावर कधी कधी निष्कर्ष अवलंबून असतो. 'द सॉल्ट फेल्ड टू कम्प्लीटली डिझॉल्व्ह': पूर्ण विरघळलं नाही, थोडं राहिलं. 'द सॉल्ट कम्प्लीटली फेल्ड टू डिझॉल्व्ह': अजिबात विरघळलं नाही. आणि नियम पाळायच्या नादात 'फेल्ड कम्प्लीटली टू डिझॉल्व्ह' लिहिलंत तर दोन्हींपैकी कोणतं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. विरघळलेल्या मिठाचा आकडा तक्त्यात असतो म्हणून ठीक, नसता तर?

माझ्या अकराव्या मुद्द्याचं पुढे काय झालं ते राहिलंच. उत्तरात मी लिहिलं की वाक्य चुकलं होतं, पावसानंतर मोजणी केलेलीच नाही, आणि नमुने घेतल्याच्या तारखांचा तक्ता पुरवणीत जोडला. वाक्य बदलून 'वुई स्टॉप्ड मेजरिंग कंडक्टिव्हिटी आफ्टर द फर्स्ट रेन, टू अव्हॉइड मिक्सिंग सरफेस वॉटर विथ ग्राउंडवॉटर' असं केलं. पाठवायच्या आधी गाइड मॅडमनी ते वाचलं आणि विचारलं, पाणी मिसळणं कोण टाळतंय, तुम्ही की विहिरी? मिसळतं तर ते आपोआपच. मग शेवटचा भाग 'बिकॉज सरफेस वॉटर हॅड एंटर्ड द वेल्स' असा केला आणि 'टू' काढूनच टाकला.

दुसऱ्या फेरीत रिव्ह्यूअरचे दोनच मुद्दे आले. दोन्ही 'द' कुठे लावायचा याबद्दल होते. त्यावर आण्णांचाही इलाज चालला नाही.